केण्यांची उतरलेली बॅटरी

१

माझ्या बहिणीच्या मुलाने ठाकुर्लीच्या पंढरी केण्यांचा जीव घेतलाच असता, ही बातमी मला मोबाईलवर कळली, आणि तीही पोळ्या लाटताना. शेजारणीने मोठ्या काळजीने व्हिडिओ पाठवला होता. काळजी कसली, बाईला मजा येत होती.

व्हिडिओत पस्तिशीचा एक माणूस जिन्याखाली उभा राहून ओरडत होता. "ही बघा, नवीकोरी म्हणून विकलेली बॅटरी! माझे बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर होते. लाईट गेली, आणि ही पाच मिनिटं पण टिकली नाही. बाबा आज कल्याणला आयसीयूमध्ये आहेत. कळव्याचा राजरत्न ओव्हाळ. नाव लक्षात ठेवा!"

पोळी करपली. मी गॅस बंद केला आणि मेघनाला हाक मारली.

मेघना माझी सून. ठाण्याच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मी रंभा, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, म्हणजे मुलं खोटं कधी बोलतात हे मला कळतं असा माझा समज. मेघनाचा असला काही समज नाही. ती आधी बघते, मग विचारते, मग परत बघते. आमच्या इमारतीतलं टाकीचं पाणी कुठे जातं, कॉलेजातली यंत्रं कोण पळवतं, हे सगळं तिनेच शोधून काढलं होतं. मी नुसती तिच्याबरोबर असते, पण गप्प बसत नाही.

संध्याकाळी राजरत्न आला. पोराचं तोंड उतरलं होतं. जय भीम सुद्धा ओठातल्या ओठात म्हणाला.

"मावशी, आज तीन गिऱ्हाइकं बॅटऱ्या परत घेऊन आली. चांगल्या चाललेल्या बॅटऱ्या! आणि मयूर केणे म्हणतोय, उद्या पोलिसांत तक्रार देणार. जुनी बॅटरी नवं स्टिकर लावून विकली म्हणून. दुकान गेलं तर चालेल गं, पण नाव? आईला काय सांगू?"

मेघनाने त्याच्यासमोर चहा ठेवला. "भाऊजी, बॅटरी सीलबंद होती?"

"तुमच्या गळ्याशपथ, वहिनी. महिन्यापूर्वी मी स्वतः बसवून आलेलो. तळमजल्याचे सगळे दिवे, पंखे आणि ते ऑक्सिजनचं मशीन, सगळं इन्व्हर्टरच्या लाईनवर टाकलं. म्हाताऱ्यांना दम लागला की मशीन लावतात, रोज नाही."

"बसवताना घरात कोण होतं?"

"सगळेच. मयूर प्रश्न विचारून विचारून डोकं खात होता. त्याची बायको निशा मोबाईलवर होती. म्हातारी मात्र शेवटपर्यंत शेजारी उभी. तिने एकच विचारलं. करंट या वायरीने आत जातो, मग बाहेर कुठून येतो? मी म्हटलं, आजी, वायर एकच. जातो तिथूनच येतो. पुढचं गिऱ्हाईक थांबलेलं, मी निघालो."

"खरं तेच सांगितलंत," मेघना म्हणाली.

राजरत्नने कप तसाच ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "वहिनी, मयूरने मीटर लावून बघितलंय. चार्जिंग बॅटरीत बरोबर जातंय, तरी सकाळी बॅटरी उतरलेली. असं असेल तर बॅटरीच खराब, हे मी पण सांगितलं असतं. मलाच आता वाटायला लागलंय, माझ्या हातून खराब माल गेला असेल. मी मारणारच होतो त्यांना."

असं बोलणाऱ्या पोराला काय सांगायचं असतं, ते मला इतक्या वर्षांच्या मास्तरकीत सापडलेलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघनाच्या स्कूटरवर मागे बसून, शीळफाट्याची धूळ खात आम्ही ठाकुर्लीला पोचलो. केण्यांचं घर म्हणजे जुन्या शेतावर उभा राहिलेला दुमजली बंगला. खाली स्वतः, वर भाडेकरू. पूर्वी भात पिकायचं तिथे आता चारी बाजूंनी इमारती उभ्या होत्या.

दार मयूरने उघडलं. आम्ही राजरत्नच्या घरच्या, हे ऐकताच त्याचा चेहरा बदलला.

"समझोता करायला आलात?"

"नाही," मेघना म्हणाली. "बॅटरी खराब असेल तर मी स्वतः तुमच्याबरोबर पोलीस स्टेशनला येईन. मला फक्त बघायचंय."

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिने लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात आतून एक म्हातारी पाण्याचे पेले घेऊन आली. ही बायजाबाई, पंढरी केण्यांची बायको. गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, हात खडबडीत. आम्ही कोण हे तिने विचारलंच नाही. "दवाखान्यातना आलाव का? ते घरी कवा येतील?" एवढंच म्हणाली. मयूर म्हणाला, "येतील गं आई, उद्या-परवा," आणि ती तशीच आत गेली.

"त्या रात्रीपासून धड जेवली नाहीये," तो आमच्याकडे न बघता बोलला. तेव्हा मला त्याचा पहिल्यांदा राग येईनासा झाला. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता.

त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशी दुपारपासूनच बाबांना दम लागत होता. दिवेलागणीच्या आधीच मशीन लावलं. जेवणं झाली, आवराआवर चालली होती, आणि एकदम घर अंधारात. मशीन बंद. बाबा तडफडायला लागले.

"मी उचललंच त्यांना. निशाने रिक्षा थांबवली. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागे बघितलं, तर घरात लाईट आलेली. दहा मिनिटं, मॅडम! दहा मिनिटं लाईट गेली आणि माझा बाप जवळजवळ गेलेला. मग ती बॅटरी कशाला घेतली आम्ही?"

"नंतर तुम्ही मीटर लावलात."

आता त्याच्या आवाजात जरा ताठा आला. "मी पण आयटीआय केलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलमधून आलो तो सरळ जिन्याखाली. माझ्याकडे चिमट्याचा डिजिटल मल्टिमीटर आहे. वायर तोडायला नको, नुसता चिमटा वायरीभोवती धरायचा, किती करंट चाललाय तो आकडा येतो. बॅटरीचा डीसी पण दाखवतो. चार अँपिअर आला. घरात लाईट चालू, इन्व्हर्टरवर हिरवा दिवा, बॅटरीत चार अँपिअर जातोय. म्हणजे चार्जिंग ओके. आणि सकाळी बघतो तर बॅटरी उतरलेली! रात्रभर खाऊन सकाळी उपाशी. सांगा, कोणाची चूक?"

मी मेघनाकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल, तोडेल त्याचं म्हणणं, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही सांगताय तसं असेल, तर बॅटरीच खराब आहे."

हातातला पाण्याचा पेला मी न पिताच खाली ठेवला.

३

पण मीही रंभा आहे. येताना मी जिन्यात एक काळी जाड वायर लोंबताना पाहिली होती. वरच्या मजल्यावरून खाली उतरलेली, आणि खाली उभी होती एक बॅटरीवरची स्कूटर. मेघनाला कोपराने ढोसून मी वर गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी देताय होय!

वर हर्षित नावाचा मुलगा राहत होता. घरोघरी पार्सलं पोचवायचं काम करायचा. लुंगीवरच दार उघडलं.

"स्कूटर कुठून चार्ज करतोस रे?" मी थेट विचारलं.

"माझ्या मीटरवरून, काकी. का?"

"केण्यांच्या इन्व्हर्टरवरून नाही?"

"काय बोलताय काकी! पंढरीकाकांनी मला विदाऊट डिपॉझिट ठेवलंय. त्यांच्या घरात हात घालीन मी?" त्याने मला आत नेऊन स्वतःचा मीटर, त्यातून निघालेली वायर, सगळं दाखवलं. वायर खरंच त्याच्याच घरातून खाली जात होती. मी जरा ओशाळले.

मेघना मागोमाग आली होती. तिने वेगळंच विचारलं. "त्या रात्री लाईट गेली तेव्हा तू काय करत होतास?"

"मी? मॅच बघत होतो."

"मोबाईलवर?"

"नाही, टीव्हीवर." तो थांबला. आमच्याकडे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. "एक मिनिट. लाईट कुठे गेलेली? खाली धावपळ ऐकली म्हणून मी गॅलरीत आलेलो, तर काकांना रिक्षात घालत होते. पण लाईट गेली नव्हती. समोरच्या बिल्डिंगमध्ये पण होती. माझा टीव्ही चालूच होता."

"नक्की?"

"शेवटची ओव्हर चाललेली, मॅडम. ती कोण विसरेल?"

आम्ही जिन्यातच उभ्या राहिलो. खाली मयूर सांगत होता लाईट गेली, वर हर्षित सांगत होता गेलीच नाही. मी म्हटलं, "एक जण खोटं बोलतोय."

"नाही, आई," मेघना म्हणाली. "मला वाटतं, दोघंही खरं बोलतायत. तेच भयंकर आहे."

४

खाली निशाने पोहे केले होते. अशा वेळीसुद्धा पाहुण्याला उपाशी न पाठवणारी घरं अजून आहेत. मेघनाने खाता खाता सहज विचारलं, "तुम्हाला त्या इन्व्हर्टरचा त्रास होतो का? आवाज वगैरे?"

"रात्री होतो," निशा म्हणाली. "आमची खोली जिन्याला लागून आहे ना. संध्याकाळनंतर गुंsss करत बसतं. दिवसा गप्प. मी ह्यांना म्हटलेलं पण, तर म्हणे नवीन आहे, सवय होईल."

मेघनाने बशी खाली ठेवली. "मयूरभाऊ, तुमचा मीटर आणा. त्या संध्याकाळी जसं मोजलंत, अगदी तसंच मला करून दाखवा."

जिन्याखालची जागा म्हणजे एक बोळकांडी. भिंतीला टेकून बॅटरी, वर इन्व्हर्टर, त्याच्यामागे भिंतीत प्लग आणि बटन. बटन दिसायलासुद्धा मान वाकडी करावी लागत होती. मयूर खाली बसला, मीटरचा चिमटा उघडून बॅटरीच्या लाल वायरीभोवती अडकवला. मीटरचं तोंड आमच्याकडे होतं. आकडा आला सहा.

"बघा. चार्जिंग चालू आहे."

"हो. आत्ता चालू आहे," मेघना म्हणाली. "त्या दिवशी पण मीटरचं तोंड असंच होतं?"

मयूर काही बोलायच्या आत निशाच म्हणाली, "नाही, त्या दिवशी तोंड भिंतीकडे होतं. ह्यांना दिसेना, म्हणून मी मोबाईलचा टॉर्च घेऊन पलीकडून वाकून आकडा वाचलेला. मान अवघडली माझी."

"मग भिंतीकडे तोंड करून मीटर का लावला?"

"आधी असाच लावलेला," मयूर म्हणाला. "पण आकड्याच्या आधी मायनस आला. मायनस आला म्हणजे चिमटा उलटा लागलाय, हे कोणीही सांगेल. म्हणून फिरवून लावला, मायनस गेला. आकडा तोच राहतो ना. आम्ही सगळेच असं करतो."

मेघना त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. आवाज अगदी हळू. वर्गात नापास पोराशी बोलताना मी असाच आवाज काढायची.

"मयूरभाऊ, चिमटा उलटा नव्हता. आज तुम्ही तो जसा धरलाय तसाच तो पहिल्यांदा धरला होता. आज करंट बॅटरीत जातोय, म्हणून अधिक येतोय. त्या संध्याकाळी तशाच चिमट्यात उणे आला. वायर तीच, बॅटरी तीच. मग काय उलटं होतं?"

मयूर मीटरकडे बघत राहिला. त्याला समजायला वेळ लागला नाही. मुलगा हुशार होता, फक्त घाईचा.

"करंट," तो म्हणाला. "करंट बाहेर पडत होता."

"चार अँपिअर बॅटरीतून बाहेर पडत होते. पंखे, दिवे त्यावर चालले होते. रात्रभर तसंच चालू राहिलं, म्हणून सकाळी बॅटरी उतरली. तिने काहीच खाल्लं नव्हतं, उलट रात्रभर तुम्हालाच वाढत होती."

"पण लाईट तर होती!"

"वर हर्षितकडे होती. त्या रात्रीसुद्धा होती, एक क्षण पण गेली नव्हती. तुमच्या इन्व्हर्टरला मात्र मिळत नव्हती. भिंतीतलं बटन बंद केलं काय आणि लाईट गेली काय, त्याच्यासाठी दोन्ही सारखंच. तो आपला बॅटरीवर घर चालवतो, हिरवा दिवा लावतो आणि गुणगुणत बसतो. नुसते पंखे आणि दिवे असले की सकाळपर्यंत पुरतं, कोणाला कळतही नाही. त्या रात्री ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. ते फार ओढतं. जेवणं होईपर्यंत बॅटरी संपली."

मला राजरत्नचा चेहरा आठवला. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. "म्हणजे आमच्या पोराचा काही दोष नाही!"

"नाही," मेघना म्हणाली. पण तिला आनंद झालेला दिसेना.

मयूर उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे कोणीतरी रोज संध्याकाळी बटन बंद करत होतं. आणि सकाळी परत चालू." त्याने वर जिन्याकडे पाहिलं, मग निशाकडे. बिचारी निशा दोन पावलं मागे सरकली. "या घरातलंच कोणीतरी. माझ्या बाबांच्या मशीनचं."

५

"आता दिवेलागणीची वेळ होईल," मेघना म्हणाली. "कोणी कोणाला काही विचारायचं नाही. जिन्यालगतच्या खोलीत, दाराच्या पडद्यामागे बसायचं."

मला ते आवडलं नाही. पण बसलो. मयूरचा गुडघा सारखा हलत होता.

बाहेर उजेड मावळला तशी बायजाबाई उठली. देवापुढे दिवा लावला. मोरीतल्या पिंपावर झाकण ठेवलं. दुधाचं पातेलं जाळीच्या कपाटात सरकवून कडी घातली. मागचं दार ओढून घेतलं. मग जिन्याखाली गेली, वाकली, आणि इन्व्हर्टरच्या मागे हात घातला. टक्क असा बारीक आवाज झाला. चार्जिंगचा लाल दिवा विझून हिरवा लागला आणि यंत्र गुणगुणायला लागलं.

तिने बॅटरीवर हात ठेवला. आजारी गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

मयूर उठला. मेघनाने त्याचा दंड धरला, पण त्याच्या तोंडून गेलंच. "आई! हे काय करतेस?"

बायजाबाई दचकली नाही. चोरी पकडली गेली असं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. "काय म्हंजे? दार पाडला. भरली आता ती."

"कसलं दार?" मी विचारलं.

"बाय, तू मिठागर बघलंस नाय कवा?" तिने माझ्याकडे वळून विचारलं. "माझा माहेर खाडीवर. लहानपनापासना मिठागरान काम केला. भरती आली का उघाडीतना पानी आत घ्याचा. बांधातला दार, त्याला उघाडी. पानी भरला का दार पाडाचा. नाय पाडला त काय होतंय? ओहोटी लागली का त्याच दारातना सगला पानी परत खाडीन. दार एकच. येतंय तिथनाच जातंय." तिने बॅटरीकडे बोट केलं. "त्या मिस्त्रीला मी इचारला. तो पन तेच बोलला, वायर एकच. मंग मना समजला. दिसभर भरू द्याचा, रातीला दार पाडाचा, म्हंजे यांच्या श्वासाचा करंट कोन चोरनार नाय."

मयूर पडदा सारून पुढे आला.

"आम्हाला कोणाला सांगितलंस कधी?" मयूर कसाबसा म्हणाला. "बाबांना तरी?"

"नाय. ते हसतील. बोलतील, तुला काय कलतंय लायटीतला." मग जे इतके दिवस आत दाबलं होतं ते बाहेर आलं. "त्या रातीला अंधार जाला तवा मी धावली रं दार उघडाला. मशीनला करंट सोडाला. पन अंधारान बटन गावंना. बटन लागला, घरान उजेड पडला, पन तवर तू यांना घेऊन गेल्ता. मना लवकर गावला असता त यांना काय नसता जाला. माझे हातांना उशीर जाला."

इतके दिवस ही बाई जेवत नव्हती ती यासाठी. आपण साठवून ठेवलं होतं, फक्त वेळेवर सोडता आलं नाही, असं तिला वाटत होतं. आणि खरं होतं ते याहून वाईट.

मी मेघनाच्या कानाशी लागले. "राहू दे. सांगू नकोस. बॅटरी बरी आहे, एवढंच कळलं तरी बस झालं."

"आणि बाबा घरी आल्यावर आजी परत बटन बंद करतील," मेघना कुजबुजली.

ती पुढे झाली आणि बायजाबाईंचा हात हातात घेतला. "आजी, तुमचा हिशेब बरोबर आहे. वायर एकच, येतं तिथूनच जातं. पण हे बटन म्हणजे उघाडी नाही. हे त्या वायरीवर नाही, बाहेरून येणाऱ्या लाईटच्या वाटेवर आहे. हे बंद केलं की भरती आत येत नाही. आणि पाणी जायचं ते दुसरीकडून जातच राहतं. पंख्यात, दिव्यात."

बायजाबाई ऐकत होती. डोळे बारीक करून, एखाद्या कारभाऱ्याने बांधाची गोष्ट सांगावी तसं. मग तिने वर पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता. तिने दिव्याकडे पाहिलं. इन्व्हर्टरच्या गुणगुणीकडे कान दिला.

"म्हंजे आता यातला जातंय?"

"हो."

"मंग त्या रातीला," ती हळूहळू म्हणाली, "लाईट गेलीच नव्हती."

मेघनाने तिचा हात सोडला नाही. मयूर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

बायजाबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. "मीच," ती म्हणाली. आणि मग उठून, इन्व्हर्टरच्या मागे हात घालून तिने ते बटन चालू केलं.

६

रडायचं तिने नाकारलं. उलट पदर खोचून म्हणाली, "मना दवाखान्यान न्या. मी सांगतंय त्यांना." कोणाचं ऐकेना. निशा म्हणाली, सासऱ्यांना आज वॉर्डात आणलंय, भेटू देतील. मग आम्ही सगळे कल्याणला गेलो, केणे रिक्षातून आणि आम्ही मागे स्कूटरवरून.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मयूरने फोन काढला. आधी तो व्हिडिओ उडवला. मग नवा काढायला घेतला आणि दोनदा शब्द अडले म्हणून थांबला. तिसऱ्यांदा म्हणाला, "बॅटरी चांगली आहे. चूक आमच्या घरातली होती, आणि मी न तपासता बोललो. राजरत्न ओव्हाळ यांची मी हात जोडून माफी मागतो. त्यांच्याकडूनच घ्या. मी पण घेईन." ज्या ज्या ग्रुपवर पहिला गेला होता त्या प्रत्येक ग्रुपवर त्याने तो माझ्यासमोर पाठवला. मग राजरत्नला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. मयूर नुसता "हो भाऊ, हो भाऊ" म्हणत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं होतं. आमच्या पोराचं नाव धुऊन निघालं. पण बायजाबाई माझा हात सोडेना, म्हणून मी वर गेले.

पंढरी केणे उशीला टेकून बसले होते. काटकुळा माणूस, नाकाला नळी. बायकोला बघून त्यांचा चेहरा फुलला. ती मात्र दारातच थांबली. खाटेजवळ जाईना. आपण शिवलो तर त्यांना काही होईल अशी उभी राहिली.

"मी काय केला तुमाला ठाव हाय?" ती तिथूनच म्हणाली. आणि सगळं सांगितलं. मिठागर, उघाडी, बटन. स्वतःला एका शब्दाने सोडलं नाही. "सांजचा रोज मीच बंद करीत होती. तुमचा श्वास मीच तोडला."

पंढरीबाबा ऐकून घेत होते. त्यांना बोलायला त्रास होत होता. एका वाक्याला दोनदा थांबावं लागत होतं. पहिल्यांदा त्यांनी मयूरकडे पाहिलं, मग निशाकडे, मग आम्हा परक्या बायकांकडे. सगळे तिच्याकडेच बघत होते, ते त्यांच्या लक्षात आलं.

"अगं येडे," ते म्हणाले. "ते त मीच तुला सांगितला होता."

मयूरने मान वर केली. तासाभरापूर्वी आपल्या कानांनी आम्ही ऐकलं होतं. नाही सांगितलं, ते हसतील. त्याने मेघनाकडे पाहिलं. मी पण पाहिलं. मेघनाने एका उणे चिन्हावरून अख्खं घर उलगडलं होतं. खोटं तिच्यासमोर टिकत नाही, हे मी लग्नापासून बघतेय.

"असं सांगितल्यावर आजी बंद करणारच ना, काका," मेघना म्हणाली.

बायजाबाई कपाळाला आठी घालून नवऱ्याकडे बघत होती. "तुमी कवा सांगितला?"

"तो मिस्त्री गेला ना, त्याच्या मागारी. बोललो, बायजे, भरला का दार पाडत जा. तू इसरलीस. तुझी काय चूक? मीच मिठागराचा गडी, माझाच डोका तसा."

"नाय सांगितला तुमी."

"सांगितला." ते दमले. थोडा वेळ नुसते नळीतून श्वास घेत राहिले. पण खाटेवरची जागा त्यांनी हाताने रिकामी केली. "ये. बस."

ती गेली. कडेला टेकून बसली. बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. मग तिने त्यांच्या पायांवरचं पांघरूण ओढून नीट केलं.

"सांगितला त नीट सांगाचा होता," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.